बाग मागायची, तर नकाशा वाचा!



धानोऱ्याहून १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाताना दुरूनच दिसतात त्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. २,९२० मेगावॅटचे केंद्र. वीज राज्यभर, धूर चंद्रपूरकरांच्या छातीत. अशा शहरात वस्तीने बाग मागितली की म्हणे चैन!

महाडचे तळे नगरपालिकेने १९२४ सालीच कागदावर सर्वांना खुले केले होते. ओंजळीत पाणी आले ते २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब तळ्यावर गेले तेव्हा. बागांचेही तेच. विकास आराखड्यात आरक्षण असते, जागेवर काही नसते. १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ वाचा: १० वर्षांत जागा घेतली नाही, मालकाने खरेदीची नोटीस दिली आणि पुढच्या २४ महिन्यांतही पालिका हलली नाही, तर आरक्षण संपले. मग तिथे टॉवर उभा राहतो आणि आपण चौकातल्या कमानीची उंची मोजत बसतो.

मित्रांनो, जयंतीची वर्गणी मागतो तेवढ्याच जिद्दीने आराखड्याची प्रत मागा. बागेच्या जागा जाऊन पाहा. आरक्षण बदलण्याची सूचना निघाली तर महिनाभरात हरकत लिहून द्या. धानोऱ्यातही आता नगरपंचायत आहे. हा नकाशा आपल्याही दारात येणार आहे.