भीक नको, वेळेवर हक्क द्या



शिष्यवृत्ती सरकारच्या सवडीने येते. संकट सवड विचारत नाही. मनमाडच्या गोदामात पोती वाहणाऱ्या बापाची कंबर सोमवारी मोडते, मंगळवारी मेसचा डबा बंद, अन् बुधवारी पोरगं कॉलेज सोडून हमालांच्या टोळीत उभं राहतं. सहा महिन्यांनी खात्यात पडलेले पैसे मग काय चाटायचे?

हे आजचं नाही. १९१७ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्ध्यावर टाकून परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने उसने दिलेले ५,००० रुपये यांच्या बळावर.

२०२४ मध्ये मुझफ्फरनगरच्या एका दलित मजुराच्या पोराची धनबादच्या आयआयटीतली जागा १७,५०० रुपयांपायी गेली. पैसे जमले, पण मुदत टळली. जागा परत मिळवायला थेट सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं. सगळीच पोरं दिल्लीपर्यंत पोचतात का?

म्हणून मी म्हणतो, प्रत्येक कॉलेजात तातडीचा निधी हवा. एका कागदाचा अर्ज, एका दिवसात निर्णय, समितीत निम्मे विद्यार्थी. दाखले मागाहून बघा!

१९३८ साली याच मनमाडात बाबासाहेबांनी रेल्वे कामगारांना दोन शत्रू दाखवले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आज ते दोघं फीच्या खिडकीत मांडीला मांडी लावून बसलेत. चला, त्या खिडकीसमोर उभे राहू.

जयभीम!