वार : तारखेचा साक्षीदार

जुन्या पेढीची रोजकीर्द उघडली, तर पानाच्या माथ्यावर मितीबरोबर वारही लिहिलेला आढळतो. मिती लिहिल्यावर वार तर ठरलेलाच; मग तो वेगळा लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आजच्या पिढीला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर धनादेशावर सापडते. धनादेशाची रक्कम अंकांत लिहिली, तरी ती पुन्हा अक्षरी लिहावी लागते. अंकातील एखादे शून्य वाढू शकते, एकाचा सात होऊ शकतो; अक्षरांत तशी गफलत सहसा होत नाही. तारखेच्या बाबतीत वाराचे काम नेमके हेच आहे. तारीख हा अंकी मजकूर, तर वार हा त्याचा अक्षरी साक्षीदार.

एका कुटुंबात आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाची चर्चा सुरू झाली आणि जन्मतारखेचा प्रश्न पुढे आला. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४७ ही तारीख होती. पूर्वी जून महिन्यात मूल शाळेत घालताना गुरुजी १ जून ही सोयीची तारीख लिहून टाकीत. त्यामुळे त्या पिढीतील कितीतरी जणांचा वाढदिवस कागदोपत्री एकाच दिवशी येतो. आजींना मात्र आपल्या आईचे सांगणे आठवत होते. जन्म गुरुवारचा आणि स्वातंत्र्याचा झेंडा लागला त्या दिवशी बाळ आठ दिवसांचे. मुलगा म्हणाला, “आई, कागदावर आहे तेच धरू या. ऐकीव गोष्टीचा काय भरवसा?” आजी गप्प राहिल्या. त्यांच्या आईला अक्षरओळख नव्हती. तारीख ठाऊक असण्याचा संभवच नव्हता.

अशा वेळी उपयोगी पडणारे गणित प्राथमिक शाळेतील बेरीज-भागाकारापलीकडचे नाही. त्याचे मूळ तत्त्व एवढेच : सामान्य वर्षात ३६५ दिवस असतात, म्हणजे ५२ आठवडे आणि वर १ दिवस. म्हणून कोणतीही तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते आणि मध्ये २९ फेब्रुवारी आला, तर दोन वार. महिन्यांचे दिवस कमी-अधिक असल्याने प्रत्येक महिन्यालाही आपली अशी एक शिल्लक असते. या सर्व शिलका जमा करून सातने भागले की वार हाती येतो.

महिन्यांचे अंक जानेवारीपासून क्रमाने पाठ करावेत : ०, ३, ३, ६, १, ४, ६, २, ५, ०, ३, ५. दूरध्वनी क्रमांकाप्रमाणे तीन-तीनच्या गटांत म्हटले की ते सहज लक्षात राहतात. शतकाचे अंक असे : १६०० च्या शतकासाठी ६, १७०० साठी ४, १८०० साठी २, १९०० साठी ० आणि २००० साठी पुन्हा ६. आता पाच संख्यांची बेरीज करावयाची : वर्षाचे शेवटचे दोन अंक, त्यांना चारने भागून येणारा पूर्ण भागाकार, तारीख, महिन्याचा अंक आणि शतकाचा अंक. बेरजेला सातने भागावे. बाकी ० उरली तर रविवार, १ उरली तर सोमवार, याप्रमाणे ६ म्हणजे शनिवार.

१५ ऑगस्ट १९४७ घेऊ. वर्षाचे ४७, त्याचा चतुर्थांश ११, तारीख १५, ऑगस्टचे २ आणि शतकाचे ०. बेरीज ७५. सात दाही सत्तर, बाकी ५. म्हणजे शुक्रवार.

एकच पथ्य पाळावयाचे. लीप वर्षातील जानेवारी किंवा फेब्रुवारी असेल, तर बेरजेतून १ वजा करावा. कारण चतुर्थांशात धरलेला जादा दिवस तोवर आलेलाच नसतो. महात्मा गांधींच्या निर्वाणाचा दिवस ३० जानेवारी १९४८. ४८, १२, ३० आणि शून्य, शून्य यांची बेरीज ९०. लीप वर्षामुळे ८९. बाकी ५, शुक्रवार. सरावासाठी वाचकांनी महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा १ मे १९६० आणि लोकमान्य टिळकांच्या निधनाचा १ ऑगस्ट १९२० हे दिवस करून पाहावेत. दोन्ही वेळा बाकी शून्य, म्हणजे रविवार यावयास हवा.

हे गणित केवळ करमणुकीचे नाही. व्यवहारात वार चुकला तर पैशाचा दिवस चुकतो. समजा, १० जानेवारी २०२५ रोजी तीन महिन्यांच्या मुदतीचे व्यापारी बिल लिहिले गेले. मुदत १० एप्रिलला संपते. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याप्रमाणे सवलतीचे तीन दिवस मिळवले की १३ एप्रिल येतो. वार काढला तर रविवार. बिलाचा दिवस सुटीचा निघाला, तर देणे आधीच्या कामकाजाच्या दिवशी होते. आदला १२ एप्रिल दुसरा शनिवार, तोही बँकेच्या सुटीचा. म्हणजे पैशांची तजवीज शुक्रवारी, ११ एप्रिललाच हवी. सोमवारी देऊ म्हणणाऱ्याचे बिल परत जाण्याची वेळ येते. बँकेतील मुदत ठेवीचे याच्या उलट आहे : तिची मुदत सुटीच्या दिवशी संपली, तर रक्कम पुढच्या कामकाजाच्या दिवशी मिळते आणि मधल्या दिवसांचे व्याजही मिळते. बिल मागे सरकते, ठेव पुढे सरकते. दोन्हीकडे निर्णय वारच करतो.

वाराच्या साक्षीला एवढे मोल येण्याचे कारण त्याच्या अखंडपणात आहे. पंचांगाच्या पाच अंगांपैकी तिथी, नक्षत्र, योग आणि करण ही चंद्र-सूर्याच्या गतीवर अवलंबून असतात. तिथीचा क्षय होतो, वृद्धीही होते. वाराचा ना क्षय, ना वृद्धी. युरोपात १५८२ साली पोप ग्रेगरी यांनी दिनदर्शिका सुधारली, तेव्हा ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस एकदम १५ ऑक्टोबर धरण्यात आला. तारखा दहा दिवस उडाल्या; पण ४ तारखेला गुरुवार होता, तर १५ तारखेला शुक्रवारच आला. इंग्लंडने हा बदल १७५२ मध्ये स्वीकारला. तेथेही २ सप्टेंबरच्या बुधवारानंतर १४ सप्टेंबरचा गुरुवार उजाडला.

या बदलाचा आपल्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. सतराव्या शतकात सुरतेचे इंग्रज जुन्या पद्धतीने तारीख घालीत, तर गोव्याचे पोर्तुगीज नव्या पद्धतीने. म्हणून एकाच दिवसाच्या दोघांच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर पडते. छत्रपती शिवाजी महाराजांची जन्मतारीख १९ फेब्रुवारी १६३० मानली जाते. लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया आणि शुक्रवार अशी नोंद आहे. वर दिलेल्या रीतीने १९ फेब्रुवारीचा वार काढला, तर बेरीज ६५, बाकी २, म्हणजे मंगळवार येतो. मग शकावली चुकली काय? नाही. १९ फेब्रुवारी ही जुन्या पद्धतीची तारीख आहे आणि आपले सूत्र नव्या पद्धतीचे. दहा दिवस मिळवले की १ मार्च १६३० येतो. त्याची बेरीज ४७, बाकी ५, शुक्रवार. वाराने शकावलीची बाजू राखली आणि तारीख कोणत्या पद्धतीची, हेही सांगितले.

राज्याभिषेकाची गोष्ट आणखी बारकाईची. ६ जून १६७४ या जुन्या तारखेत दहा दिवस मिळवून १६ जूनचा वार काढला, तर शनिवार येतो. शकावलीत मात्र शुक्रवार आहे. येथे दोघेही खरे आहेत. महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटिका रात्र उरली होती, असे शकावली सांगते. घटिका २४ मिनिटांची. म्हणजे सूर्योदयास ७२ मिनिटे अवकाश होता. इंग्रजी रीतीने मध्यरात्रीच शनिवार लागला होता. आपल्या रीतीने सूर्य उगवेपर्यंत शुक्रवारच चालू होता. उदयतिथी पाहून पर्व पाळणाऱ्या घरांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. घरातील जुनी टिपणे तपासताना पहाटेच्या जन्माच्या बाबतीत हे अवश्य ध्यानात ठेवावे.

साक्षीदाराची मर्यादाही ओळखून असावे. चुकीची तारीखदेखील सातांत एकदा योगायोगाने योग्य वारावर पडू शकते. म्हणून वार जुळला की तारीख सिद्ध झाली, असे नव्हे. पण वार जुळला नाही, तर कोठेतरी चूक आहे, हे निश्चित. वाराच्या जोडीला दुसरी स्वतंत्र खूण मिळाली, तर साक्षीचे बळ वाढते.

आजींच्या बाबतीत तशी खूण होती. नातीने कागद घेऊन आधी १ जून १९४७ चा वार काढला. बेरीज ६३, बाकी शून्य, रविवार. मग १५ ऑगस्टमधून आठ दिवस वजा केले. ७ ऑगस्ट : ४७, ११, ७ आणि २; बेरीज ६७, बाकी ४. गुरुवार! “आजी, तुझी आई बरोबर सांगत होती,” ती म्हणाली. मुलाने तो हिशेब स्वतः पुन्हा करून पाहिला आणि सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस ७ ऑगस्ट धरून मोजावा, असे त्यानेच सुचविले. दाखल्यावरची तारीख अशा हिशेबाने बदलत नाही. निवृत्तिवेतनाच्या आणि बँकेच्या कागदांवर १ जूनच राहील. परंतु तारीख न जाणणाऱ्या एका मातेने वार आणि दिवसांची संख्या अचूक जपून ठेवली होती, हे इतक्या वर्षांनी तिच्या लेकीला समजले.

यावरून एक साधी सवय लावून घेता येईल. घरातील जन्म, विवाह, दीक्षा, देहावसान किंवा मोठा व्यवहार यांची नोंद करताना तारखेशेजारी वार लिहावा. शक्य तर तिथी आणि वेळही लिहावी. त्याला चार अक्षरांची शाई लागते. पुढे कधी अंक पुसट झाले किंवा कोणी शंका घेतली, तर ती चार अक्षरे आपल्या वतीने साक्ष देतील.