कोर्ट व्हिसा देत नाही

ऑस्ट्रेलियात आश्रय मागणाऱ्याला संरक्षण व्हिसा नाकारला गेला आणि तो कोर्टात गेला, की एक आक्षेप हमखास ऐकू येतो: खात्याने नाही म्हटले, लवादाने नाही म्हटले, आता हे न्यायाधीश कोण लागून गेले? या पूर्वपक्षाच्या मुळाशीच घोटाळा आहे. अर्जदार खरे बोलतो की नाही, मायदेशी त्याचा छळ होईल की नाही, हे ठरवण्याचे काम १९५८च्या स्थलांतर कायद्याने मंत्र्याकडे, म्हणजे व्यवहारात त्याच्या अधिकाऱ्याकडे आणि मग लवादाकडे दिले आहे. कोर्ट फक्त निर्णय कायदेशीर रीतीने झाला का, एवढेच तपासते. झाला नसेल तर तो रद्द होऊन प्रकरण लवादाकडे परत जाते, आणि तिथे पुन्हा नकारही पदरी पडू शकतो. आपल्याकडची अनुच्छेद २२६ खालची रिट याचिका ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

एवढ्याशा तपासणीने साधते काय, हे बांगलादेशातल्या दोन समलिंगी पुरुषांच्या खटल्यात दिसते. (अशा अर्जदारांची नावे छापायला कोर्टाला कायद्याची मनाई आहे, म्हणून हा खटला ‘एस ३९५’ एवढ्याच खुणेने ओळखला जातो.) ते जोडपे आहे, हे लवादाने मान्य केले. त्यांच्या देशात असे उघडपणे राहता येत नाही, हेही मान्य केले. तरीही अर्ज फेटाळला. का, तर हे दोघे आजवर गुपचूप राहिले, पुढेही तसेच राहतील, मग धोका कसला? २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, हायकोर्टाने, चार विरुद्ध तीन मतांनी हा निर्णय मोडीत काढला. ते गुपचूप का राहिले, भीतीपोटी का, हा प्रश्न लवादाने विचारलाच नव्हता. न्यायाधीशांनी पुरावा नव्याने तोलला नाही. कायद्याला अपेक्षित असलेला प्रश्न लवादापुढे ठेवला. २००६ मध्ये एका इराणी खलाशाच्या प्रकरणात दोष याहून साधा होता. त्याच्या हकिकतीतल्या ज्या गोष्टींवर अधिकाऱ्याने शंका घेतली नव्हती, त्या लवादाने अविश्वसनीय ठरवल्या, पण सुनावणीत त्याला तसे सुचवलेही नाही. उत्तर द्यायचे ते कशाला, हेच ज्याला ठाऊक नाही, त्याची सुनावणी झाली म्हणायचे तरी कसे?

आता म्हणतील, बहुतेक अर्ज तर फेटाळलेच जातात. हा सारा वेळकाढूपणा आहे. काही जण मुदत वाढवण्यासाठी येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण न्यायाधीश व्हिसा वाटत सुटले आहेत आणि अर्जदार बहुतेक हरतात, हे दोन्ही आरोप एकाच तोंडाने कसे करणार? विलंबावर इलाज हवा तर न्यायाधीश वाढवा, पहिला निर्णय धड द्या. संसदेने २००१ मध्ये कोर्टाचे दारच लावून पाहिले. पण ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेच्या ७५व्या कलमाने केंद्राच्या अधिकाऱ्यांविरुद्ध रिटचा मार्ग खुला ठेवला आहे, आणि अधिकारकक्षा ओलांडून दिलेला निर्णय हा कायद्याच्या लेखी निर्णयच नव्हे, असे हायकोर्टाने २००३ मध्ये सांगितले. त्याच हायकोर्टाने प्रशासकीय निर्णयांची कारणे भिंग लावून वाचू नयेत, अशी ताकीद १९९६ मध्येच दिली होती. आणि २०१८ पासून निकाल बदलू शकला असता अशीच चूक सहसा ग्राह्य धरली जाते. चाळण आधीच इतकी बारीक आहे. त्यात कोर्टात अर्ज करायला दिवस मिळतात ३५, तेही अनेकांना वकिलाविना आणि परक्या भाषेत.