मोजणीकाकांचा आठवडा

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे. चहा घेऊन बसा.

वाईत महिनाभरात मोजणीकाकांचे तीन सत्कार झाले. तिन्ही बातम्या मीच दिल्या, म्हणून आकडा पक्का. तिन्ही ठिकाणी शाल, नारळ आणि भाषणात तेच वाक्य : 'काका म्हणजे आपल्या गावाचा चालताबोलता इतिहास.' टाळ्या. मला हे वाक्य ऐकलं की हल्ली धास्ती वाटते. काका बहात्तर वर्षांचे आहेत, गुडघे कुरकुरतात, आणि त्यांच्या डोक्यात जे आहे त्यातलं निम्मंही कुठे लिहिलेलं नाही.

नाव लिहू नको असं त्यांनी बजावलंय. पण वाईकरांना ओळख पटेलच. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. साखळी घेऊन तालुक्याचे बांध तुडवले, जुनी कागदपत्रं लागायची म्हणून नोकरीतच मोडी शिकले. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. तेव्हापासून माणूस घरी सापडत नाही.

गेला आठवडा मी त्यांच्या मागे मागे हिंडलो. खरं सांगतो, दमलो.

सोमवारी एका शाळेत सातवीच्या वर्गावर व्याख्यान. व्याख्यान कसलं, काकांनी पिशवीतून एक परात काढली, एक चौकोनी विटेचा तुकडा आणि एक लाकडाचा ठोकळा, मागून निमुळता केलेला. पोरांना म्हणाले, ओता पाणी. विटेवर पाणी आपटलं आणि पुढच्या बाकावर उडालं. ठोकळ्यापाशी दोन बाजूंनी फुटून निघून गेलं. मग म्हणाले, आता ढोल्या गणपतीच्या मागच्या बाजूला कोण कोण गेलंय? चाळीस पोरांत हात वर झाले पाच. हे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी कृष्णेच्या अगदी काठावर बांधलं. पुराचं पाणी कापलं जावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली. आपण सगळे पुढून दर्शन घेतो, प्रसाद घेतो, निघतो. ती भिंत बघायला देवळाला वळसा घालावा लागतो. त्या दिवशी शाळा सुटल्यावर पंधरा-वीस पोरं सायकली घेऊन थेट घाटावर गेली. मी बघितली.

मंगळवारी मोडीचा वर्ग. सहा विद्यार्थी, त्यातल्या दोघी कॉलेजच्या मुली आणि एक निवृत्त कंडक्टर. बुधवारी सकाळी ज्येष्ठांची हयातीच्या दाखल्याची कामं. नोव्हेंबर चालू आहे. कष्ट करून बोटांच्या रेषा झिजल्यात, मशीन अंगठा घेत नाही, मग काका मोबाईल धरून चेहऱ्यावरून दाखला काढून देतात. पंधरा-सोळा जणांचं काम झालं असेल. याचा इतिहासाशी काय संबंध, असं मलाही वाटलं होतं.

संबंध दुपारी कळला. त्या रांगेत एक आजी होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, धोम धरणात गाव गेलेल्या. काम झाल्यावर काकांनी त्यांना बसवून घेतलं, मोठा कागद पसरला आणि विचारलं, "मारुतीच्या देवळातून बाहेर पडलं की उजव्या हाताला पहिलं घर कुणाचं?" आजी सांगत गेल्या. सुताराचं, त्याच्या पुढं पडवीवाल्यांचं, मधे बोळ, बोळातून खाली गेलं की पाणवठा. काका पेन्सिलीने आखत गेले, सवयीप्रमाणे उत्तर दिशेचा बाण काढून. कुठे आजी अडल्या की "तुमच्या घरातून देवळाची घंटा कोणत्या कानाला यायची?" असले प्रश्न. दोन तासांत एकोणतीस घरं झाली. एका घरापाशी आजी गप्प झाल्या. ते त्यांचं सासर होतं. काकांनी तिथे नाव लिहिलं, आणि चहा मागवला.

सरकारी नकाशात गटांच्या हद्दी सापडतील. कुणाच्या अंगणात कोणतं झाड होतं ते नाही सापडणार. ते गाव पुनर्वसनात दोन-तीन ठिकाणी विखुरलं. त्या पिढीतली आता किती माणसं उरलीत, तुम्हीच मोजा.

गुरुवारी मेणवली. बाहेरगावच्या कॉलेजची सहल होती. पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'स्वदेस'मध्ये शाहरुख कुठे उभा होता? काका चिडत नाहीत. आधी ती जागा दाखवतात, फोटो काढू देतात. मग घाटावरच्या घंटेपाशी नेतात आणि म्हणतात, नीट बघा, हिच्यावर कोण आहे? मेरी आणि बाळ येशू! पोरांचे मोबाईल खाली येतात. मग १७३९ ची वसईची मोहीम, चिमाजीअप्पा, पोर्तुगीजांकडून आलेल्या घंटा, आणि त्यातली एक नाना फडणवीसांच्या या घाटावर. पण प्रत्येक ठिकाणी काका थांबून सांगतात, हे कागदात आहे, हे लोक सांगतात. वाई म्हणजे विराटनगरी, ही गोष्ट. अफजलखान वाईचा सुभेदार होता, हा इतिहास. गोष्टही सांगायची, पण गोष्ट म्हणून.

यावरून त्यांना फोनवर बोलणी खावी लागली आहेत. 'तुम्ही आमच्या श्रद्धेला हात घालता' वगैरे. दिवसभर व्हॉट्सॲपवर आलेलं जसंच्या तसं पुढे ढकलणाऱ्यांना कुणी 'पुरावा काय?' विचारत नाही. विचारतात ते या माणसाला, ज्याच्याकडे तो असतो.

शुक्रवार-शनिवारचं लिहीत नाही, वाचनालय आणि एक वाढदिवस. रविवारी सकाळी घाटाची सफाई, आणि सफाईला आलेल्या नऊ जणांना झाडू हातात असतानाच कृष्णाबाईच्या उत्सवाची माहिती.

आता माझं म्हणणं.

या सगळ्या आठवड्यात काकांना मिळालेलं मानधन : एक पेन आणि दोन गुलाब. एसटीला त्यांना अर्धं तिकीट आहे, पण रिक्षा, झेरॉक्स, परात, सगळं पेन्शनमधून. एका कार्यक्रमाला माईक नव्हता, बॅनर मात्र दहा फुटी होता. त्यावर पाहुण्यांचे आठ फोटो, वक्त्याचा एकही नाही. आणि मुख्य म्हणजे आठवडाभरात एकानेही त्यांचं बोलणं पूर्ण रेकॉर्ड केलं नाही. तीस सेकंदांचे रील झाले, भरपूर.

ज्या गावात विश्वकोशाचं कार्यालय आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्या गावात बसून वीस खंडांच्या कामाचा पाया घालून गेले, त्या गावाने स्वतःच्या आळ्यांची साधी वही करू नये? मेणवलीच्या दफ्तराचं काय झालं ते आठवा. त्यातला मोठा ऐवज आज पुण्यात आहे. तिथे तो नीट जपला गेला याचं समाधान आहे. पण घराघरांतल्या पेट्यांत, माळ्यावर जे उरलंय, ते दिवाळीच्या आवराआवरीत किलोवर जातं. यंदा एका रद्दीवाल्याकडे काकांनी स्वतः पैसे मोजून मोडीचा एक गठ्ठा सोडवून आणला.

सत्काराचं बजेट असलेल्या मंडळांना माझी जाहीर विनंती आहे. पुढची शाल घेऊ नका. त्या पैशात काकांचं जाण्यायेण्याचं भाडं द्या, एक बरा माईक घ्या आणि व्याख्यान पूर्ण रेकॉर्ड करायला एक पोरगा नेमा. लोकप्रतिनिधींनी कागद ठेवायला एक कोरडी खोली आणि एक कपाट मिळवून द्यावं. स्मारक वगैरे नको, खोली.

आणि तुम्ही : घरात जुना कागद सापडला तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. दिवसाच्या उजेडात, सपाट ठेवून दोन्ही बाजूंचा फोटो काढा. कागद कुठल्या पेटीत, कुणाच्या घरात मिळाला ते लिहून ठेवा. मोडी वाचता येत नसेल तर मंगळवारी संध्याकाळी काका आहेतच.

आजींच्या गावची अजून बरीच घरं राहिलीत. काका येत्या बुधवारी पुन्हा बसणार आहेत. त्या गावातली कुणी वयस्कर मंडळी तुमच्या नात्यात असतील तर त्यांना घेऊन या. मी रेकॉर्डर घेऊन जातोय, पण दोन तासांचं ऐकून उतरवून काढायला कुणीतरी तरुण हवाय. वेळ असेल त्याने इनबॉक्समध्ये कळवा.