दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशामक औषधांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, ठाणे.

विषय : पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना घरी पुरेशी वेदनाशामक औषधे व मराठीत लेखी सूचना मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही डोळखांब परिसरातील (ता. शहापूर) ग्रामस्थ हे निवेदन सादर करीत आहोत.

पित्ताशय काढण्याची दुर्बिणीतली शस्त्रक्रिया भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी प्रथम केली. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे ती आमच्या पाड्यांपर्यंत पोहोचली आहे, याबद्दल आम्ही शासनाचे ऋणी आहोत. रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतो. खरी अडचण मात्र घरी आल्यावर सुरू होते.

पोटावर चार बारीक छिद्रे, म्हणून दुखणेही बारीकच, असा घरच्यांचा समज होतो आणि बाई आठवड्याच्या आत हंडा उचलते. पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटलाला त्रास होतो व दोन-तीन दिवस उजवा खांदा ठणकतो. हे कोणी आधी सांगितलेले नसते, त्यामुळे घरात घबराट उडते. गोळी सहन होईनासे झाल्यावरच घेतली जाते. मग एखाद्या बिनपरवाना दवाखान्यात सुई टोचून घेणे आलेच. ती सुई कसली, हे विचारायची सोय नसते.

सुरुवातीचे काही दिवस पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, दुखण्याची वाट न पाहता घ्यायचे असते. जोडीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देता येते. पण मूत्रपिंडाचा विकार, पोटातला अल्सर किंवा दमा असलेल्यांना ते धोक्याचे ठरू शकते. ट्रामाडॉलसारखे औषध एवढ्याने भागले नाही तरच आणि थोडेच दिवस द्यावे. आणखी एक गोष्ट : बाजारातल्या कित्येक जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. नाव वेगळे, म्हणून दोन्ही घेतल्या की मात्रा दुप्पट होते आणि यकृतावर बेतते. आमच्याकडच्या अनेक बायांचे वजन ४० किलोच्या आसपास असते. त्यांची मात्रा वजन पाहूनच ठरवायला हवी.

योजनेच्या पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतर १० दिवसांपर्यंतची औषधे व तपासणी धरलेली आहे. ती औषधे रुग्णाच्या हाती पडल्याशिवाय त्याला सोडू नये, असे संबंधित रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत कळवावे, ही आमची मुख्य मागणी. सोबतच्या कागदावर कोणती गोळी सकाळी, दुपारी, रात्री किती घ्यायची आणि कोणती एकत्र घ्यायची नाही, हे मराठीत, ठळक लिहावे. डोळखांब प्राथमिक आरोग्य केंद्रात या औषधांचा साठा कायम ठेवावा व टाके तपासण्याची सोय तेथेच करावी. एका तपासणीसाठी मजुरी बुडवून शहर गाठणे आम्हाला परवडत नाही.

आशाताईंनाही प्रशिक्षण द्यावे. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, ताप आला, डोळे पिवळे झाले, पोट फुगले किंवा उलट्या थांबेनात, तर ते गोळीने दाबायचे दुखणे नव्हे. पित्त पोटात गळत असण्याचीही शक्यता असते. अशा वेळी १०८ ला फोन करून रुग्णाला तत्काळ रुग्णालयात हलवावे, हे त्यांनी घरोघरी सांगावे.

यातील एकाही मागणीसाठी नवी इमारत किंवा नवे यंत्र लागत नाही. तरी भातलावणीच्या आधी कार्यवाही करून आम्हास लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
डोळखांब परिसरातील ग्रामस्थ

प्रत माहितीसाठी :
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, ठाणे
मा. तालुका आरोग्य अधिकारी, शहापूर