कोकणातील पॅसेंजर आणि पिट लाईनची सबब

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. त्यासाठी कोकणातील शेतकऱ्याने जमीन दिली. आज त्याच्या दारावरून केरळपासून दिल्लीपर्यंतच्या गाड्या धावतात. परंतु आरवली किंवा कडवई येथील माणसाला सकाळी रत्नागिरीस जाऊन, कचेरीतील वा जिल्हा रुग्णालयातील काम उरकून, त्याच दिवशी पॅसेंजरने घरी परतता येत नाही. दिव्याहून सकाळी निघणारी सावंतवाडी पॅसेंजर रत्नागिरीस पोहोचेपर्यंत दुपार होते. दिव्याकडे जाणारी रत्नागिरी पॅसेंजर तर पहाटेच सुटलेली असते आणि सावंतवाडीहून येणारी गाडी गाठावी, तर काम उरकण्यास वेळच उरत नाही.

गाड्या वाढविण्याची मागणी पुढे आली, की दोन अडचणी सांगितल्या जातात. पहिली, मार्ग एकेरी आहे. दुसरी, डब्यांच्या देखभालीसाठी पिट लाईन पुरेशा नाहीत. दोन्हींत तथ्य आहे. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरांचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पण पुढे मार्ग एकेरीच आहे. पिट लाईन म्हणजे खाली चर असलेला रूळ. त्या चरात उतरून कामगार चाके व ब्रेक तपासतात. ही तपासणी टाळून गाडी चालवा, असे कोणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही.

तथापि साधन तुटपुंजे असते तेव्हा ते कोणासाठी आणि किती काटकसरीने वापरले जाते, हा अर्थशास्त्राचा पहिला प्रश्न असतो. मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले आहे. मेमू गाडीला दोन्ही टोकांस चालककक्ष असतो. इंजिन काढून दुसऱ्या टोकास जोडण्याचा खटाटोप नसतो आणि प्रत्येक खेपेनंतर तिला पिट लाईनवर नेण्याचीही गरज नसते. चिपळूण–रत्नागिरी हे अंतर शंभर किलोमीटरांहून कमी आहे. एक मेमू रात्री चिपळुणास ठेवून सकाळी रत्नागिरीस न्यावी, दुपारी परत आणावी व सायंकाळी पुन्हा एक फेरी करावी. झाडलोट, पाणी भरणे, ब्रेकची चाचणी ही कामे स्थानकातच होऊ शकतात. ठरावीक दिवसांनी तिच्या जागी दुसरी गाडी पाठवून पहिली मुंबई परिसरातील कारशेडमध्ये न्यावी. त्यासाठी दोन गाड्या, अदलाबदलीचे शिस्तबद्ध वेळापत्रक आणि चिपळुणास कामगारांची एक कायम तुकडी लागेल. ही तुकडी कंत्राटी नसावी. सुरक्षितता आणि अस्थिर रोजगार यांची सांगड बसत नाही.

एकेरी मार्गावर जागा कोठून आणावयाची, हा प्रश्न उरतो. गणेशोत्सवात दिवा–चिपळूण मेमू धावल्या आहेत. उत्सवाच्या गर्दीत जागा सापडते, तर एरवी ती शोधण्याची इच्छाच नाही, असा अर्थ निघतो. क्रॉसिंगच्या वेळी बाजूला थांबावे लागते ते बहुधा पॅसेंजरलाच. करोनाच्या टाळेबंदीनंतर दादर–रत्नागिरी पॅसेंजर दिव्यापर्यंतच आखडली गेली, तेव्हाही कात्री लागली ती गरिबाच्या गाडीलाच.

राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या आल्या. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. दोघांच्याही दृष्टीने रेल्वे ही सामान्यांची सेवा होती. महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये संमती दिली. परंतु केवळ मालकी बदलल्याने अग्रक्रम बदलत नाहीत. ते जनतेच्या रेट्याने बदलतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी निवेदनांवर थांबू नये. प्रत्येक लहान स्थानकाच्या परिसरातून रोज किती विद्यार्थी, मासळी विक्रेत्या व रुग्ण रत्नागिरीस जातात आणि एस.टी.साठी किती खर्च करतात, याची महिनाभर नोंद करावी. ती नोंद आणि वेळापत्रकाचा पर्यायी आराखडा प्रशासनासमोर ठेवला, की पिट लाईनची सबब पुढे करणे त्याला अवघड जाईल.