पाच बोल्ट आणि एक खिळा

गेले तीन रविवार मी जीपखाली काढले. ताईचा दोनदा फोन येऊन गेला आणि दोन्ही वेळा मी उचलला नाही, कारण हात कोपरापर्यंत ऑइलमध्ये होते. तिसऱ्यांदा बायकोने उचलला आणि सांगितलं, "ते खाली आहेत." ताईला वाटलं पार्किंगमध्ये!

जीप घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. ब्लॉगवाल्या मित्रांसाठी सांगतो. सीजे-३बी, पेट्रोल. बाबांनी १९८५ साली सरकारी लिलावातून घेतली. विलीजने हे मॉडेल अमेरिकेत १९५३ मध्ये आणलं आणि १९६८ मध्ये बंद केलं, पण महिंद्राने आपल्याकडे ते त्यानंतरही बरीच वर्षं बनवलं. उंच बॉनेट, मागे दोन आडव्या सीटा आणि बसल्यावर मणके मोजता येतात. तीच.

दुखणं जुनंच होतं. गिअरबॉक्समधलं ऑइल कमी व्हायचं आणि शेजारच्या ट्रान्सफर केसमध्ये वाढायचं. शिवाय ओढ्यातून वर चढताना लो गिअर टाकला की लिव्हर आपोआप बाहेर उडायचा. लो म्हणजे वेग निम्म्याहून कमी आणि ओढ जवळपास अडीचपट. ती नेमकी चढावर सुटली की पोटात काय होतं ते शेतावर आलेल्यांना आठवत असेल. मागच्या पावसाळ्यात पुतण्या चालवत असताना हेच झालं आणि गाडी उलटी ओढ्यात आली. कोणाला काही झालं नाही. पण दादा तेव्हाच म्हणाला, "भंगारात दे." मी म्हटलं, ट्रान्सफर केस उतरवून बघू, मग ठरवू.

उतरवणं कागदावर सोपं आहे. ऑइल काढा, पुढचा-मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडा, हँडब्रेक आणि स्पीडोमीटरची केबल सोडा, गिअरबॉक्सला धरणारे पाच बोल्ट काढा. आम्ही पाचही काढले, आणि केस तसूभर हलली नाही.

इथे बहुतेक लोक घण उचलतात. आमच्याच गाडीबाबत हे एकदा झालेलं आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये (नाव घेत नाही, मालक आता हयात नाहीत) तिथल्या पोराने बिडाच्या केसवर घण मारला. तो कान अजून तुटलेला आहे. बीड वाकत नाही, तुटतं. आणि जिथे धरून ठेवलंय तिथे तो मारतच नव्हता.

कारण धरणारी गोष्ट आत असते. गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट थेट ट्रान्सफर केसमध्ये शिरतो आणि त्याच्या टोकावर, स्प्लाइनवर, एक गिअर बसलेला असतो. केसच्या पाठीमागे एक झाकण आहे. ते उघडलं की शाफ्टच्या टोकाचा कॅसल नट आणि त्यातली स्प्लिट पिन दिसते. नट निघाला नाही तर पाच काय पन्नास बोल्ट काढा, केस तिथेच.

आम्ही झाकण उघडलं तर स्प्लिट पिनच्या जागी खिळा! साधा, सुताराचा, वाकवून घातलेला, गंजून नटाशी एकजीव झालेला. आणि नटाच्या कडा छिन्नीने मारून गोल केलेल्या. पहिला अख्खा रविवार त्या खिळ्यात गेला. केरोसिन ओतायचं, थांबायचं, बारीक पंचने एक टोला द्यायचा, पुन्हा थांबायचं. मिस्त्री म्हणाले, "साहेब, गॅस लावू का? दोन मिनिटांचं काम." लावला असता तर खिळा गेलाच असता, सोबत शाफ्टचे आटेही गेले असते. मी नको म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही, पण घड्याळ बघितलं.

त्या घड्याळाबद्दलच मला लिहायचं आहे.

आपण गाडीवाले एकत्र जमलो की मिस्त्री लोकांना हमखास शिव्या घालतो. घाई करतात, ठोकाठोकी करतात, पुस्तक वाचत नाहीत. मीही घातल्यात. पण कामाचे पैसे आपण कसे देतो? ठोक. "केस उतरवून दुरुस्त करून बसवायचे किती?" तीन हजार म्हटले की अडीचवर आणतो. मग तो माणूस केरोसिन ओतून दोन तास कशाला बसेल? बसला तर त्याच्या खिशातून जातं. खिळा कोणी आळसाने घातला नसणार. संध्याकाळचे सात वाजलेले, पिन सापडेना, दुकान बंद, आणि गिऱ्हाईक दारात उभं. ते गिऱ्हाईक कोण होतं तेही मला माहीत आहे. मीच. मला दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं होतं.

म्हणून दुसऱ्या रविवारी मी मिस्त्रींना म्हटलं, ठोक नको, दिवसाचे पैसे घ्या, कितीही दिवस लागोत. त्यांना आधी थट्टा वाटली. "साहेब, मग मी महिनाभर लावीन की!" म्हणाले. लावला नाही.

नट निघाला तरी गिअर स्प्लाइनवरून सुटेना. आता शाफ्टच्या टोकावर ठोकायचं आणि केस मागे ओढायची. पण यात एक धोका असतो. केसबरोबर शाफ्टही मागे आला तर त्याच्या पुढच्या टोकाचे छोटे रोलर गिअरबॉक्सच्या पोटात सांडतात आणि मग अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. यावर जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये एक झकास युक्ती आहे. गिअरबॉक्सचं वरचं झाकण काढायचं, सेकंडच्या गिअरमागे शाफ्टला तारेचा फास घालायचा आणि तार पिळून झाकणाच्या स्क्रूंना ताणून बांधायची. मी खाटेवर बसून वाचत होतो, मराठीत सांगत होतो. मिस्त्रींनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "हे आधी कोणी सांगितलं असतं तर!" चाळीस वर्षं हा माणूस जीपा उघडतोय.

पण पुढचं पुस्तकात नव्हतं. जॅकवर केसचं वजन घेऊन ते पितळेच्या रॉडने टकटक करत राहिले. हलके टोले, दर चार-पाच टोल्यांनी रॉड फिरवून. अर्ध्या तासाने मला म्हणाले, "ऐका, आवाज बदलला." मला काहीच कळलं नव्हतं. आणखी दहा टोले आणि केस बोटभर मागे आली. मग ती जॅकवर अशी शांतपणे उतरली की मला जरा रागच आला :)

आत काय होतं? मधला शाफ्ट इतका झिजलेला की त्यावर नख अडकतं. लिव्हर तिथूनच उडत होता. शाफ्ट, बेअरिंगं, मागचं ऑइल सील, एवढं बदललं की झालं. दादाचं म्हणणं अजून तेच आहे की मायापुरीतून अख्खा सेट आणला असता तर तीन रविवार वाचले असते. वाचले असते, मान्य. पण तो सेट कोणी, कोणत्या घाईत उघडून बांधलाय आणि त्यात किती खिळे आहेत, हे पुन्हा चढावरच कळलं असतं, आणि तेव्हा स्टिअरिंगवर कदाचित परत पुतण्याच असता.

मिस्त्रींचे साडेतीन दिवस झाले. ठोकात ठरले असते त्यापेक्षा बाराशे जास्त गेले. बायकोने हिशेब बघितला, काही बोलली नाही. केस व्हरांड्यात पेपरवर ठेवली आहे, त्यामुळे ताई, गणपतीला आलात तर चपला बाहेरच काढा. बसवायला अजून दोन रविवार तरी लागतील. नवी स्प्लिट पिन आणून ठेवली आहे. एक नाही, सहा.